टाकीतली चिंधी

दौलतकाकांकडे बिघडलेली गाडी नेली की ते आधी झोपतात. हे मी चेष्टेने सांगत नाही. ट्रक आवारात लावायचा, चावी त्यांच्या हातात द्यायची, काय होतंय ते सांगायचं. ते सगळं ऐकून घेतात, मान डोलावतात, चपला काढून केबिनमध्ये चढतात आणि मागच्या बाकावर अंग टाकतात. गाडीवाला खाली उभा राहून आधी वाट बघतो, मग घड्याळ बघतो आणि शेवटी शिव्या घालतो. कल्याणात दुर्गाडी किल्ल्याच्या खाली, खाडीच्या अंगाला गॅरेजांची रांग आहे, तिथे त्यांचं नावच झोपरे मिस्त्री पडलंय. त्याचा त्यांना राग नाही. त्यांचं म्हणणं असं, की सकाळी उठायला कटकट करणारी गाडी आधी नीट झोपू द्यावी लागते, झोपून उठल्याशिवाय ती दुखणं दाखवत नाही. आणि ती झोपलेली असताना आपण एकट्याने जागं राहून काय करायचं?

मिस्त्री म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतो तसा हा माणूसच नाही. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, केसांना कलप, कॉलरच्या आत घडी घातलेला रुमाल. दिवसभर इंजिनात हात घालून संध्याकाळी घरी निघतात तेव्हा शर्टावर एक ठिपका सापडत नाही, आणि सापडत नाही हे ते चारचौघांना दाखवतात. काम झालं की जमिनीवर चादर पसरून तिच्यावर एकेक पाना मांडतात. हात पुसायच्या चिंध्यासुद्धा काढल्या तेवढ्या परत आल्या का ते बघतात. शेजारच्या नाथा मिस्त्रीची एक चिंधी एकदा कुणाच्या तरी डिझेलच्या टाकीत राहिली आणि तो ट्रक भर रस्त्यात बंद पडला. दौलतकाकांनी नाथाच्या शटरला चिंध्यांचं तोरण बांधलं. तेव्हापासून तो बिचारा सगळ्या रांगेत चिंधी मिस्त्री झाला. "गाडीत चिंधी विसरणाऱ्याने मिस्त्री कशाला व्हावं, कपड्यांचं दुकान काढावं," असं काका नाथाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचे. गर्व होता त्यांना, आणि भरपूर होता. मला तो कधी आवडला नाही.

माझ्या बाबांना मात्र त्या गर्वासकट दौलतकाका आवडायचे. बाबा म्हणजे सीताराम डुंबरे, मूळचे ओतूरचे. आमचा सहाचाकी ट्रक, त्यात जुन्नरकडचा झेंडू भरायचा आणि माळशेज घाट उतरून पहाटे कल्याणच्या फूलबाजारात आणायचा, हा त्यांचा जन्मभराचा धंदा. लोक पुढच्या काचेला हार घालतात, बंपरला लिंबूमिरची बांधतात. बाबा दर खेपेला निघताना आईच्या पूजेतलं एक फूल डिझेलच्या टाकीला वाहायचे. झाकणाला एक बारीक साखळी आहे, तिच्यात देठ खोचायचे. गाडीचं पोट जिथे भरतं तिथे फूल, असं त्यांचं साधं गणित होतं.

दौलतकाका बौद्ध. त्यांच्या गॅरेजात बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याखाली पुसून लख्ख केलेले पाने, बाकी भिंतीवर काही नाही. टाकीवरचं फूल दिसलं की त्यांना चेव यायचा.

"सीताराम, गाडी डिझेलवर चालते, झेंडूवर नाही."

"मग तू डिझेलचं बघ. मी झेंडूचं बघतो," बाबा म्हणायचे.

दुपारभर दोघांचं यावरून वाजायचं. एकाने कधी ऐकलं नाही, दुसऱ्याने कधी सोडलं नाही. मग खाडीवरून वारा सुटला की दोघंही त्याच केबिनमध्ये, एक पुढच्या सीटवर आणि एक मागच्या बाकावर, तोंड उघडं टाकून झोपायचे. लहानपणी मी डबा घेऊन जायचे तेव्हा मला दरवाज्यातून आधी चार पाय दिसायचे.

बाबा गेले त्या खेपेला निघताना बेतुरकरपाड्यातल्या आमच्या चाळीच्या वळणावर ट्रक वळला आणि साखळीतलं फूल रस्त्यावर पडलं. आई दारात उभी होती. ती ते उचलून धावली, पण तोवर ट्रक दिसेनासा झाला होता. परतीची खेप उतरवून बाबा बाजारातल्या ओट्यावर बसले, छातीत कळ आली, आणि तिथेच संपले. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिलं. आईने ते कधी मान्य केलं नाही. तिच्या लेखी फूल पडलं म्हणून ते गेले, आणि ती फूल घेऊन धावली तेव्हा आणखी जरा जोरात धावली असती तर गेले नसते. किती समजावलं, रागावून बघितलं. ती ऐकून घेते आणि पुन्हा तिथेच येऊन बसते.

नंतर ट्रक आम्ही बाहेर भाड्याने दिला. यंदा गणपती झाले आणि माझ्या भावाने, मितेशने, नोकरी सोडून तो स्वतः चालवायला घेतला. आईचा चेहरा उजळला. मितेश चहा पीत असायचा तेव्हा ती हळदकुंकू आणि पूजेचं ताट घेऊन आधीच खाली उतरायची. ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला की डोळे मिटून उभी राहायची. एकदा मला म्हणाली, "अगं, अगदी हे निघाल्यासारखं वाटतं."

दिवाळीनंतर ट्रक कुरकुरायला लागला. सकाळी स्टार्टर मारमार मारावा तेव्हा कुठे खोकत खोकत चालू व्हायचा. थंडीमुळे असेल म्हणून सोडून दिलं. मग तो घाटात दम टाकायला लागला. वर जाताना चढावर, एका अंगाला दरी, पुढे धुकं, आणि अॅक्सिलरेटर दाबला तरी गाडी ओढतच नाही. मितेशने हे हसत हसत सांगितलं, पण त्याचा कप बशीवर वाजत होता. शीळफाट्याच्या एका मोठ्या गॅरेजात लॅपटॉप लावून सांगितलं की डिझेलचं प्रेशर कमी पडतंय. फिल्टर बदलला, टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप बदलला. फरक नाही. शेवटी म्हणाले, मोठा पंप गेला. मितेश म्हणाला, आता पुरे. भिवंडीचं एक गिऱ्हाईक रविवारी गाडी बघायला येणार असं त्याने परस्पर ठरवून टाकलं.

आईने ताट पुढे ओढलं. दोन घास खाऊन उठली. मग भांडी घासताना पाठमोरीच म्हणाली, "विकायच्या आधी एकदा दौलतभावजींना दाखव."

मला तर गाडी गेलेली हवी होती. स्पष्टच सांगते, मला भीती वाटत होती. बाप गेला, आता भाऊ जायला नको. ट्रक काय, लोखंड आहे. पण आईच्या त्या पाठीकडे बघून दोघांनाही नाही म्हणवलं नाही. मितेश दुसऱ्याची गाडी घेऊन खेपेला जाणार होता. मला म्हणाला, "तायडे, तू ऑफिसला सुट्टी टाक आणि तिकडे बस. नायतर तो माणूस नुसता झोपून काढंल दिवस."

मी ठाण्याला एका वकिलांकडे काम करते. सुट्टी मागितली, आणि मंगळवारी दुपारी दुर्गाडीखाली जाऊन बसले. दौलतकाकांनी चावी घेतली, सगळं ऐकलं आणि चपला काढल्या.

"काका, आज तरी झोपू नका."

"मग ती कशी झोपेल?" असं म्हणून ते बाकावर आडवे झाले.

मी चरफडत पुढच्या सीटवर बसले. बाबांच्या बसण्याने त्या सीटला एक खळगा पडलाय, मितेशने वर नवं कव्हर घातलं तरी तो लागतो. दुपार टळत होती. भरती होती बहुतेक, कारण खाडीचा खारा वास आत येत होता, आणि त्यात केबिनमधला जुन्या झेंडूचा वास मिसळला होता. पलीकडे कुणीतरी पत्र्यावर हातोडी मारत होतं, तीही हळूहळू लांब गेली. मागे काका संथ घोरत होते. मी रागातच होते आणि रागातच कधीतरी माझे डोळे मिटले.

स्वप्नात बाबा गाडी चालवत होते. खाली रस्ता नव्हता, खाडीचं पाणी होतं, आणि गाडी आवाज न करता त्याच्यावरून चालली होती. मागे हौदा फुलांनी भरलेला. बाबा सारखे आरशात बघायचे आणि विचारायचे, "अक्षू, पडलं का गं?" मी नाही म्हणायचे. पुन्हा थोड्या वेळाने, "पडलं का गं?" मला पाठीमागे बघायची हिंमत होत नव्हती. शेवटी बघितलं तर मागचं सगळं पाणी पिवळं झालेलं, दूर मुंब्र्याच्या डोंगरापर्यंत पिवळं, आणि बाबा शांतपणे गाडी हाकत होते.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. मागचा बाक रिकामा. काका खाली स्टुलावर बसून कशाकडे तरी एकटक बघत होते. इंजिनाकडे जाणाऱ्या डिझेलच्या नळीत त्यांनी मधेच एक पारदर्शक तुकडा जोडला होता. पश्चिमेचं ऊन त्याच्यावर पडलं होतं. आत मधासारखं डिझेल, आणि त्यातून बारीक बुडबुडे एकामागोमाग एक, कुठलीही घाई नसल्यासारखे चालले होते. मी पण खाली उतरून त्यांच्या शेजारी बसले. किती वेळ बघत बसलो कोण जाणे, मला उठावंसं वाटेना.

"हा वारा," काका हळू आवाजात म्हणाले. "डिझेल टाकीतनं वर ओढायचं असतं. गाडी बंद केली तरी ते नळीत थांबून राहायला पायजे. कुठनं तरी वारा शिरला, की गाडी झोपलेली असताना ते गुपचूप परत टाकीत उतरतं. मग सकाळी मार स्टार्टर. आधी सगळा वारा बाहेर, मग डिझेल."

चासीच्या कडेला एक रबरी नळी चिरली होती. ती बदलली, सांध्यातले वायसर बदलले. दुसऱ्या दिवशी सकाळी चावी अर्धी फिरवली तोच इंजिन धडधडलं. काकांनी रुमाल काढून कोरडंच कपाळ पुसलं आणि नाथाला ओरडून सांगितलं, "लॅपटॉप लावणाऱ्यांना मोठा पंप दिसला रे, मला एक वीतभर नळी दिसली!" आईने त्या दिवशी शिरा केला आणि डबा भरून त्यांना पाठवला. मी सुद्धा खूश होते, खोटं कशाला बोलू.

गुरुवारी मितेश ट्रक घेऊन निघाला. शुक्रवारी परतला तो पांढराफटक. सकाळी चालू व्हायचा त्रास गेला होता, पण घाटात त्याच वळणांवर गाडीने पुन्हा दम टाकला होता, आणि या वेळी मागून येणारा टँकर हातभर अंतरावर थांबला होता. गॅरेजात येऊन तो दौलतकाकांच्या अंगावर ओरडला. रांगेतले सगळे मिस्त्री ऐकत होते.

"परवा गिऱ्हाईक येतंय. मी गाडी देतोय. संपला विषय."

काका एवढेसे झाले होते. पण ओरडणं संपल्यावर त्यांनी एकच गोष्ट विचारली. "बंद पडल्यावर काय केलंस?"

"काय करणार? बाजूला लावली, चहा प्यायला गेलो. आल्यावर चालू केली तर एकदम मस्त, काही झालंच नाही अशी. नंतर परत तेच."

"थांबली की बरी होते," काका स्वतःशीच म्हणाले.

शनिवारी मितेश कागदपत्रांच्या मागे गेला आणि मी पुन्हा गॅरेजात. त्या दिवशी दौलतकाका झोपले नाहीत. मला ते बघवेना. इतकी वर्षं ज्या झोपेवर आम्ही सगळे हसलो, ती नसताना ते म्हातारे दिसत होते.

त्यांनी डिझेलच्या नळीला प्रेशरचा काटा जोडला आणि मला केबिनमध्ये बसवलं. "पाय दाबून धर, सोडू नको." मी अॅक्सिलरेटर दाबून धरला, इंजिन गरजत राहिलं. आधी काटा जागच्या जागी होता. मग तो हळूहळू, अगदी हळूहळू खाली यायला लागला आणि इंजिन धापा टाकायला लागलं. "सोड. बंद कर." थोडा वेळ गाडी तशीच ठेवली. पुन्हा चालू केलं, तर काटा वर. पुन्हा दाबून धरलं, तर पुन्हा तसाच खाली.

मग त्यांनी डिझेलचा एक कॅन आरशाच्या दांडीला उंच टांगला आणि टाकीची नळी काढून त्या कॅनची नळी इंजिनाला लावली. आमच्या ट्रकला सलाईन लावल्यासारखं दिसत होतं. मी पाय दाबला. काटा हलला नाही. माझ्या पोटरीत गोळा आला तरी हलला नाही.

"पंप बरा आहे," काका म्हणाले. "इंजिन बरं आहे. टाकीत काहीतरी आहे, अक्षू. गाडी जोर लावते तेव्हा ते ओढलं जाऊन नळीच्या तोंडावर बसतं. बंद केली की सुटून तळाला पडतं. नळी चिरली ती पण त्यापायीच. तोंड दाबलेलं असताना पंप ओढणार, मग जिथे रबर जुनं तिथनं वारा घेणार."

त्यांनी टाकी रिकामी केली. वरची चकती खोलली, बाही दंडापर्यंत सारली आणि हात आत घातला. चेहऱ्यावर आधी तो नेहमीचा तोरा होता. मग तो गेला. हात बाहेर आला तेव्हा मुठीत काहीतरी तपकिरी, लगद्यासारखं होतं. त्यांनी ते चादरीवर ठेवून बोटाने पसरलं. पाकळ्या होत्या. डिझेलमध्ये भिजून त्या इतक्या पातळ झाल्या होत्या की त्यांच्याखालची चादरीची वीण दिसत होती. काही फुलं अजून देठासकट होती. ओंजळभर झेंडू.

माझ्या डोक्यात सगळं एका क्षणात लागलं. पहाटे मितेशच्या आधी खाली उतरणारी आई. घरात खुंटीला अडकवलेली टाकीच्या झाकणाची किल्ली. टाकीच्या तोंडाला एक जाळी असते, पण डिझेल भरायला वेळ लागतो म्हणून ती बाबांनीच कधीची काढून टाकली होती. बाहेर साखळीत खोचलेलं फूल पडतं. आत टाकलेलं फूल पडत नाही.

मला असा संताप आला की मी ताडकन उठले. "आत्ताच्या आत्ता घरी जाते आणि तिला सांगते. पोराचा जीव घेणार होती ही बाई!"

"बस," काका म्हणाले.

"नाही बसत! टँकर हातभर अंतरावर..."

"अक्षदा, बस." त्यांनी मला पूर्ण नावाने हाक मारलेली मला आठवत नव्हती. मी बसले. "एकदा फूल पडलं म्हणून नवरा गेला, असं धरून ती माऊली एवढी वर्षं जगतेय. आता तिला सांगणार, की तू फूल टाकलंस म्हणून पोरगा जाणार होता? ती पुन्हा देवापुढे हात जोडू शकेल का? जेवेल तरी का?"

मी रडत होते.

काका त्या पाकळ्यांकडे बघत होते. "अख्खं आयुष्य सीतारामशी भांडलो. गाडी झेंडूवर चालत नाही म्हणून. आज पुरावा हातात आला बघ," ते म्हणाले आणि हसायला गेले, पण त्यांना हसता आलं नाही. त्यांनी कॉलरमधला पांढरा रुमाल काढला, सगळ्या पाकळ्या त्यात गोळा केल्या आणि ती ओली, तेलकट पुरचुंडी शर्टाच्या खिशात ठेवली. पांढऱ्या शर्टावर डाग पसरत गेला. त्यांनी तिकडे बघितलं नाही.

बाहेर मितेशची बाईक थांबली. काकांनी पेटीतून एक चिंधी घेतली, डिझेलच्या बादलीत बुडवली आणि दोन बोटांत धरून उभे राहिले.

"सापडलं रे," ते मोठ्याने म्हणाले. नाथा शेजारून मान वळवून बघेल इतक्या मोठ्याने. "सीताराम असताना टाकी साफ केलेली ना मी, तेव्हाची. चिंधी राहिली. माझीच."

मितेशला आधी कळलंच नाही. कळल्यावर तो काय काय बोलला ते मी लिहीत नाही. काकांनी मान खाली घालून सगळं ऐकलं. नाथा पोट धरून हसला, मग रांगभर हसू पसरत गेलं. संध्याकाळपर्यंत दौलतकाकांच्या शटरला चिंध्यांचं तोरण लागलं होतं. ते मात्र पत्र्याच्या कात्रीने एक जाळी कापत बसले होते. वाटीसारखी खोलगट जाळी त्यांनी टाकीच्या तोंडात पक्की बसवली आणि मितेशला बजावलं, "पंपावर वेळ लागला तरी चालेल. ही काढायची नाही."

रविवारी सकाळी भिवंडीचं गिऱ्हाईक आलं. ट्रक दौलतकाकांच्याच आवारात होता. मितेशने चावी फिरवली, इंजिन लगेच चालू झालं, काटा ताठ उभा. गिऱ्हाईक गाडीभोवती फिरून टायर बघत होतं, आणि मितेशचं काही ठरत नव्हतं. तेवढ्यात आई आली. गाडीला शेवटचं बघायला ती एकटीच रिक्षाने आली होती. हातात कागदाच्या पुडीत एक फूल होतं.

तिने शटरवरचं तोरण बघितलं. कुणीतरी हाक मारली, "ओ चिंधी मिस्त्री!" आणि दौलतकाकांनी त्या हाकेला ओ दिली.

"कसली चिंधी?" आईने मला विचारलं.

"टाकीत चिंधी सापडली आई. काकांची राहिलेली. त्यानेच डिझेल अडत होतं."

मी हे नीट पाठ केलं होतं, तरी माझा आवाज फाटला. आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिने हातातल्या पुडीकडे बघितलं. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला आणि मला कळलं की आता काही लपणार नाही. ती सरळ दौलतकाकांसमोर जाऊन उभी राहिली. आमची आई चारचौघांत कधी मान वर करून बोलत नाही.

"दौलतभावजी, तुम्ही चिंध्या मोजून घेता. हे नेहमी हसायचे त्यावरून."

"एखादी राहते, वहिनी."

"चिंधी नव्हती ती." आता ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होती. "फुलं होती. माझी. मी टाकीत टाकायचे, दर खेपेला. बाहेर लावलेलं पडतं म्हणून. या माणसाला हसू नका, चूक माझी आहे."

पत्र्यावरची हातोडी थांबली. मितेश केबिनमधून अर्धा खाली उतरला होता, तसाच पायरीवर राहिला. दौलतकाकांनी हातातला पाना चादरीवर ठेवला. ज्या नावासाठी हा माणूस आयुष्यभर जपून वागला, ते नाव आई त्यांच्या हातात परत देत होती. घ्यायचं फक्त बाकी होतं.

"काहीतरीच काय वहिनी," ते म्हणाले. "तुम्हाला काय कळतंय गाडीतलं? फूल डिझेलमध्ये विरघळून जातं. नखाएवढंपण उरत नाही. चिंधी होती आणि माझी होती. नाथाला विचारा, त्याने बघितलीय."

सगळ्यांनी नाथाकडे बघितलं. नाथाने आईकडे बघितलं, मग दौलतकाकांच्या शर्टाच्या खिशाकडे. कालचाच शर्ट होता तो, डागासकट, आणि खिशाच्या कडेला एक पाकळी चिकटून सुकली होती. काल दिवसभर हसलेला नाथा पुढे आला.

"हो वहिनी, चिंधीच होती. या डोळ्यांनी बघितली मी," तो म्हणाला. आणि शटरपाशी जाऊन त्याने तोरण काढायला घेतलं.

आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "मग आता मी फूल टाकू की नको?"

"टाका की. जाळी बसवलीय. आत जाणार नाही, आणि बाहेर पडणार पण नाही. मितेश पंपावर डिझेल भरायच्या आधी उचलून घेईल." असं म्हणून काकांनी टाकीचं झाकण उघडलं आणि हात पुढे केला. "इकडे द्या."

आईने फूल त्यांच्या तळहातावर ठेवलं. ज्या माणसाने या फुलावरून माझ्या बाबांशी जन्मभर वाद घातला, त्याने ते दोन बोटांनी धरून जाळीच्या मधोमध ठेवलं, देठ खाली, तोंड वर. मग झाकण लावलं आणि किल्ली फिरवली.

"गाडी विकायची नाहीये," मितेश गिऱ्हाइकाला म्हणाला. तो पायरीवरून खाली उतरला. "सॉरी हां. उगाच चक्कर पडली तुम्हाला."

गिऱ्हाईक कुरबुरत निघून गेलं. हातोडी पुन्हा सुरू झाली. दौलतकाकांनी इंजिन बंद केलं, चपला काढल्या, केबिनमध्ये चढले आणि मागच्या बाकावर आडवे झाले. मितेश त्यांना उठवायला निघाला होता, त्याला खेपेची तयारी करायची होती. आईने त्याचा हात धरला.

"झोपू दे त्यांना," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसून ट्रकच्या सावलीत खाली बसली. उघड्या दरवाज्यातून काकांचे दोन पाय दिसत होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग एकदम मला म्हणाली, "खोटं बोलायला शिकले गं दौलतभावजी. हे असते तर भांडले असते."